डिंकाचं मागणं

पांडुरंगा,

रात्रीचे पावणेदोन वाजलेत. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन अर्धा तास झाला, पण मान अजून सरळ होत नाही. घरी जायला हरकत नव्हती, पाय निघेना. ड्यूटी रूमच्या भिंतीवर तुझं कॅलेंडर आहे. अंगठा जोडून घेऊन गेलेल्या एका माळकरी आजोबांनी ते वारीहून परतताना आणून दिलं होतं. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलोय. मला अभंग पाठ नाहीत, एकादशी मी धरत नाही. तू कटेवर हात ठेवून उभा असतोस आणि मी दिवसभर दुसऱ्यांचे हात हातात घेऊन बसतो, एवढीच आपली ओळख. त्या ओळखीवर आज एक मागणं मागायचंय.

मागणं डिंकाचं आहे. हसू नकोस.

जिच्यामुळे ते ओठांवर आलं, तिच्याविषयी आधी सांगतो. वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर अडीच वर्षांची पोर झोपलीय. संध्याकाळी पाचच्या सुमारास बाप कडबाकुट्टीत वैरण सारत होता आणि ही मागून आली. उजव्या हाताची तर्जनी, मुळापासून जरा वर, साफ तुटली. गावातल्या आरोग्य केंद्रातली सिस्टर शहाणी निघाली. तिने बोट थेट बर्फात टाकू दिलं नाही. ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळलं, फडकं पिशवीत बंद केलं आणि पिशवी बर्फावर ठेवली. बोटात स्नायू नसतो, म्हणून असं गार ठेवलेलं बोट चोवीस तासही तग धरतं. गारवा नसेल तर बारा तासांच्या आत उरकावं लागतं. थेट बर्फात टाकलेलं मात्र गोठून वाया जातं. त्या सिस्टरचं नाव मला माहीत नाही, तुला असेल. आजचा पहिला नमस्कार तिला पोचव.

बोट आलं ते स्टीलच्या डब्यातून. झाकणावर नाव कोरलेलं, लग्नातल्या भांड्यांवर कोरतात तसं. आईने डबा मांडीवरून खाली ठेवला नव्हता. मी हात पुढे केला तेव्हा तिने आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि मगच डबा सोडला.

पुढचे साडेचार तास मी आणि माझी ज्युनियर मायक्रोस्कोपच्या दोन बाजूंना. हाडात बारीक तार घातली, कंडरा शिवली, आणि मग खरं काम सुरू झालं. तिच्या बोटातली रोहिणी अर्ध्या मिलिमीटरची होती. तू घडवलेली वस्तू, तुला माप सांगायला नको. पण आमच्या डोळ्यांना ती कशी दिसते ते ऐक. निळ्या पट्टीवर दोन तोंडं समोरासमोर चिमट्यात धरलेली, शिजलेल्या शेवईची दोन टोकं असावीत तशी. रक्त थांबवलेलं, त्यामुळे तोंडं मिटलेली. हेपरिन घातलेल्या सलाईनची बारीक धार सोडली की क्षणभर उघडतात आणि पुन्हा ओल्या कागदासारखी चिकटतात. त्या क्षणात सुई आत घालायची. दोरा इलेव्हन-झिरो नायलॉनचा, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही बारीक. डोक्यावरचा केस त्याच्यापुढे चऱ्हाट. मायक्रोस्कोपखाली स्वतःच्या नाडीचा ठोकासुद्धा चिमट्याच्या टोकाशी थरथर होऊन दिसतो. त्या थरथरीच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत मी टाका घालतो. आज रोहिणीत पाचच टाके बसले. सहाव्याला जागाच नव्हती.

आता कबुली देतो. सहा वर्षांपूर्वी पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या एका तरुणाचा अंगठा मी जोडला होता. पहाटेची वेळ, मी थकलेलो. एका टाक्यात पुढच्या भिंतीबरोबर मागची भिंतही सुईत आली. तसं झालं की नळीचं तोंड आतून शिवलं जातं. मला शंका आली होती, पण टाका उसवून पुन्हा घालायचा म्हणजे आणखी अर्धा तास, आणि रक्त तर पुढे सरकताना दिसत होतं. मी तो तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी अंगठा काळा पडला. नातेवाईकांना मी म्हणालो, "आम्ही आमच्याकडून सगळे प्रयत्न केले." त्यातला ‘सगळे’ हा शब्द खोटा होता. त्याला कळलं नसेल. तुला कळलं, मला कळलं. अजूनही कुणी अंगठा वर करून "ठीक आहे" म्हणतं तेव्हा मी नजर वळवतो.

म्हणून मागतो, विठ्ठला. सुई आणि दोरा यांच्या जागी एक डिंक दे.

आम्हाला जे मिळालं, त्याबद्दल कृतघ्न नाही मी. १८९४ मध्ये फ्रान्सच्या ल्योन शहरात तिथल्या राष्ट्राध्यक्षांना, सादी कार्नो यांना, भोसकलं. पोटातली मोठी रक्तवाहिनी कापली गेली होती, आणि ती शिवायची कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच शहरातला तरुण अलेक्सी कॅरेल भरतकाम करणाऱ्या एका बाईकडे बारीक सुई धरायला शिकला. नळीच्या तोंडाला तीन जागी दोरे लावून ओढायचे, म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो आणि सरळ कडा शिवता येते. ही त्याची युक्ती १९०२ मध्ये छापून आली आणि १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पुढे त्याच माणसाने दुबळ्यांना जगातून वगळण्याची भाषा केली, हेही तू पाहिलंस. कसब एकाच्या हातात देताना विवेकही त्याच्याच पदरात घालत जा, ही जाता जाता विनंती. १९६० मध्ये अमेरिकेत ज्युलियस जेकबसन यांनी रक्तवाहिनी मायक्रोस्कोपखाली आणली. १९६५ मध्ये जपानमधल्या नारा इथे कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडून दाखवला. भरतकामाच्या त्या बाईपासून आजच्या पाच टाक्यांपर्यंत एकच दोरा आलाय. त्याला मी रोज मनोमन हात लावतो.

पण दोरा हा शेवटी परका आहे, देवा. प्रत्येक टाका म्हणजे आतल्या तुळतुळीत अस्तराला पाडलेली दोन भोकं. रक्त तिथून जाताना अडखळतं आणि अडखळलेलं रक्त गोठतं. शिवाय नायलॉन विरत नाही. ही पोर मोठी होईल, चुलीपुढे बसेल किंवा कॉम्प्युटरपुढे, आणि आज घातलेले टाके तिच्या बोटात वर्षानुवर्षं तसेच असतील. नळी वाढेल, टाका वाढणार नाही. खरं म्हणजे आम्हाला फार काळ धरून ठेवायचंच नसतं. दोन तोंडं नीट जुळली की आठवड्या-दोन आठवड्यांत आतलं अस्तर सांध्यावरून सरकत येतं आणि नळी पुन्हा एकसंध होते. जोडण्याचं काम तुझंच. आमच्याकडे फक्त तेवढा वेळ कडा धरून ठेवण्याची चाकरी. तेवढ्या चाकरीला जन्मभर राहणारा गडी कशाला?

आमच्या जुन्या माणसांना हे कळलं होतं. सुश्रुतसंहितेत सांगितलंय की फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवाव्या, त्यांवर काळे मुंगळे डसवावे आणि डसले की धड तोडून डोकी तेवढी राहू द्यावी. पोट शिवल्यावर ती डोकी आतल्या आत विरून जात.

आणि पुण्याजवळची ती गोष्ट तर तुझ्या पायाखालचीच. कावसजी नावाचा, इंग्रजी फौजेत बैल हाकणारा माणूस १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ एकाने त्याच्या कपाळाची कातडी फिरवून नवं नाक करून दिलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये त्याचा वृत्तांत छापून आला. आमच्या प्लास्टिक सर्जरीच्या शिक्षणात तो अजून सांगतात. त्यातला एक भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो: टाक्यांचा उल्लेखच नाही. कातडीच्या कडा खाचेत बसवल्या आणि पाण्यात भिजवलेला काथ फडक्याच्या पट्ट्यांवर लावून त्या वर चिकटवल्या. काथ, देवा. विड्यातला. आमच्या कोकणात खैर तोडून, उकळून काढत, आणि ज्याच्यावरून कातकऱ्यांना कातकरी म्हणतात, तो.

ते नाक करणारा माणूस विटा पाडणाऱ्या जातीचा होता, एवढंच वृत्तांतात आहे. त्याचं नाव नाही. वीट फेकली कुणी हे आम्हाला पाठ आहे. ती पाडली कुणी, हे कुणी विचारत नाही.

त्याच्या काथाचा धागा पुढे कुठे गेला बघ. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी काथातून एक पदार्थ काढला आणि काथावरूनच त्याला कॅटेकॉल नाव पडलं. आता समुद्रात जा. गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात ते शिंपले लाटांच्या माऱ्यात, ओल्या खडकाला, धागे सोडून चिकटून बसतात. आपल्या फेव्हिकॉलला आधी कोरडी जागा लागते. त्यांना लागत नाही. ते कशाने चिकटतात हे शोधलं, तर त्यांच्या प्रथिनात तोच कॅटेकॉलचा तुकडा सापडला. शरीराच्या आतली जागाही कायम ओलीच. म्हणून आज प्रयोगशाळांतले लोक शिणाण्यांची नक्कल करून डिंक बनवू पाहतायत. काथ लावणाऱ्या त्या माणसाला हे सांगायला हवं होतं. तुझ्याकडेच असेल तो. सांग त्याला.

मागायचंच तर नीट मागायला हवं. वर मागताना शब्द चुकला तर काय होतं, हे आमच्या पुराणांनी पुष्कळ सांगून ठेवलंय. डिंक दे म्हटलं आणि तू फेव्हीक्विक दिलंस तर?

दिलं होतंसच की. १९४२ मध्ये अमेरिकेत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता, तेव्हा हाती आलं ते सायनोअॅक्रिलेट. ज्याला त्याला चिकटणारं. व्हिएतनामच्या युद्धात जखमींचं रक्त थांबवायला त्याचा फवारा मारला. जीव वाचले. पण त्याची साधी जात शरीरात तुटताना फॉर्मल्डिहाइड सोडते, पेशी होरपळतात, आणि वाळल्यावर ते काचेसारखं ताठ होतं. आमची नळी मिनिटाला शंभर वेळा फुगते आणि ओसरते. तिला ताठ बांगडी घालून कसं चालेल? लांब साखळीचे त्याचे भाऊबंद पुढे आले, ते सौम्य आहेत, सावकाश तुटतात. कातडी चिकटवायला आम्ही ते वापरतो.

दुसरा डिंक तू आमच्या अंगातच ठेवलायस. रक्त गोठताना शेवटच्या पायरीला थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनला भेटतं आणि फायब्रिनचं जाळं विणलं जातं. तेच दोन पदार्थ बाहेर वेगवेगळे ठेवून जखमेवर एकत्र सोडले की झाला फायब्रिन ग्लू. १९७० च्या दशकात व्हिएन्नाच्या हेलेन मात्रास यांनी त्याने आधी मज्जातंतू आणि मग उंदरांच्या बारीक रक्तवाहिन्या जोडून पाहिल्या. शरीर त्याला ओळखतं आणि काही दिवसांत पचवून टाकतं. विष नाही, ताठपणा नाही. पण एकट्याने धरून ठेवण्याएवढं बळही नाही. दोन-चार टाके घालावेच लागतात. आणि त्यात मेख अशी की तो डिंक म्हणजे गुठळीच. नळीच्या बाहेर राहिला तर सांधा, थेंबभर आत गेला तर मरण. एकाच वस्तूला दारात उभं केलं तर राखण आणि घरात घेतलं तर चोरी. असं का केलंस, हे विचारत नाही. थेंबाला बाहेर थांबायला शिकव, एवढंच म्हणतो.

त्याचाही मार्ग तू एकाला दाखवलास. २००२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये जेफ्री गर्टनर एका तान्ह्या बाळाचं बोट जोडत होते. पाच तासांवर वेळ गेला आणि टाके बसले जेमतेम तीन. त्या रात्री तेही कुणासमोर तरी असेच बसले असतील. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी अभियंत्यांना हाताशी धरलं आणि २०११ मध्ये उत्तर छापलं. पोलोक्झामर नावाचा एक पदार्थ आहे, त्याचा स्वभाव तुपाच्या उलट: ऊब लागली की थिजतो, गार झाला की पातळ होतो. तो नळीच्या दोन्ही तोंडांत भरायचा आणि दिव्याची ऊब द्यायची. मिटलेली तोंडं गोल होऊन उभी राहतात, आतली वाटही बंद असते. मग बाहेरून डिंक फिरवायचा. आत जायला जागाच नाही. ऊब काढली की आतला पदार्थ पातळ होऊन रक्ताबरोबर वाहून जातो आणि नळी मोकळी. उंदरांत त्यांचं काम हाताने शिवण्याच्या पाचपट वेगाने झालं, मिलिमीटरहून बारीक नळ्याही जुळल्या, आणि दोन वर्षांनी पाहिलं तर व्रण कमी. वाचलं त्या दिवशी मी ओपीडी पंधरा मिनिटं उशिरा सुरू केली. बोस्टनच्या लोकांनी २०१४ मध्ये आणखी एक डिंक दाखवला, उजेड पाडला की घट्ट होणारा आणि पुढे शरीरात विरून जाणारा.

पण उंदरापासून या वॉर्डातल्या खाटेपर्यंतचा रस्ता लांब आहे, देवा. आज रात्री माझ्या हातात दोराच होता.

तेव्हा माझं मागणं असं. डिंक असा दे की ओल्यात चिकटेल. नळीबरोबर ताणेल, नळीबरोबर सैलावेल. आत डोकावणार नाही. तुटताना विष सोडणार नाही. दोन आठवडे इमानाने धरेल आणि मग कुणाला न सांगता निघून जाईल. शिवाय तो स्वस्त असू दे आणि फ्रीजवाचून टिकू दे. नाहीतर तो याच इमारतीत राहील, आणि तो हवाय धडगावला, भामरागडला. तिथून बोट घेऊन निघालेला माणूस आमच्यासारख्यापर्यंत पोचता पोचता रात्र संपते. तिथल्या सर्जनकडे हात आहेत, हिंमत आहे. फक्त या एका टाक्यावर घालवायला वीस वर्षं नव्हती. मायक्रोस्कोप त्यालाही लागेल, सराव त्यालाही लागेल, पण दोन दशकांचं काम दोन वर्षांवर येऊ दे.

हे म्हणताना जीभ अडखळते, आणि ते तुझ्यापासून लपवून उपयोग नाही. माझी वीस वर्षं याच टाक्यात गेलीत. चिकनवाल्याकडून तंगड्या आणून त्यांतल्या नळ्या शिवत रात्री काढल्या. मग उंदीर. मांडीतली मिलिमीटरभर रोहिणी, बेशुद्ध उंदीर, आणि माझे घामेजलेले हात. किती गेले, मोजले नाहीत. गणपतीला सांग, त्याच्या वाहनाचं माझ्यावर देणं आहे. एवढं करून हाताला जे आलं, त्याचा मला अभिमान आहे. ज्युनियर मुलं आयपीसवर डोळे लावून माझा टाका बघतात, तेव्हा आत काहीतरी फुलतं. डिंक आला की ते जाईल. कुणी म्हणेल, पूर्वी म्हणे हे लोक दोऱ्याने शिवायचे. मी मागतोय ते मला बिनकामाचा करणारं मागणं आहे, आणि मन पूर्ण राजी नाही. जेवढं राजी आहे तेवढ्यानेच हात जोडतो. उरलेल्याला त्या प्रेसवाल्या पोराचा अंगठा आठवू दे.

आणि डिंक येईपर्यंत हे हात टिकव. चाळिशीचा चष्मा लागून दहा वर्षं झाली. माझ्या ज्युनियरच्या बोटांत माझ्याहून स्थिर काहीतरी आहे. मला ते मत्सराने बघू देऊ नकोस. उद्यापासून मागच्या भिंतीचे टाके तिला घालू देईन, असं तुझ्यासमोर बोलतोय म्हणजे आता फिरता येणार नाही.

बाहेर बाकावर आई-बाप बसलेत. बाप मघापासून स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघतोय. कडबाकुट्टीचं झाकण दोन महिन्यांपूर्वी मोडलं होतं, हे त्याने मला तीनदा सांगितलं. त्याच्या मनातला सांधा माझ्या हातातला नाही. तो तू बघ.

पुढचे तीन दिवस धोक्याचे. सांधा बंद पडायचा तर याच दिवसांत पडतो. दर तासाला सिस्टर जाऊन बोटाचं टोक हलकेच दाबते. दाबलं की नख पांढरं होतं. सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झालं की ती कागदावर खूण करते. उशीर लागला किंवा निळसर दिसलं, की मला हाक.

कॉरिडॉरमध्ये तिच्या चपला वाजतायत. दोनचा ठोका.

डिंकाचं मागणं सवडीने दे, विठ्ठला. माझ्या हयातीत नाही दिलंस तरी रुसणार नाही. आता ती नख दाबेल. ते पांढरं होईल.

एक.

दोन.